चौकट क्रमांक एकोणीस

उन्स्ट बेटावर, कीनच्या त्या बोडक्या टेकाडावर
माती अशी नाहीच. नुसता खडीचा पसारा,
हिरवट-करडा, जणू कुणी रस्ता करायला घेतला
आणि अर्ध्यात मुकादम पळाला.

जूनमध्ये आम्ही दोघी तिथं गुडघ्यांवर रांगतो.
रोबिना जेमिसन, वय एकाहत्तर,
बत्तीस वर्षं या बेटाचं टपाल वाटलेली,
आणि मी, तिची शेजारीण, लोकर रंगवून पोट भरणारी.
हातभर लांब, हातभर रुंद लाकडी चौकट.
ठेवायची. मोजायचं. उचलायची.

फूल पांढरं, पाच पाकळ्या, प्रत्येकीला मधोमध खाच.
झाड अंगठ्याएवढं, पानं जांभळी,
थंडीनं ओठ पडतात तशी.
जगात ते या एकदोन टेकाडांवर. बस.
उरलेलं जग त्याला मानवलं नाही
की उरलेल्या जगाला ते,
हे रोबिनाला विचारू नका.
“पत्ता एकच आहे,” ती म्हणते,
“टपालवालीला तेवढं पुरे.”

आणि सँडिलू?
सँडिलू काय, ओंजळभर पाखरू,
गळ्यात काळा पट्टा, केशरी पाय.
शाळेमागे, धक्क्यावर, दफनभूमीच्या फाटकाशी,
धावतं, थबकतं, परत धावतं,
चुलीवर काहीतरी ठेवून आल्यासारखं.
त्याला मोजायला आम्हाला कुणी चौकट दिलेली नाही.
उन्हाळा सरला की दक्षिणेला निघून जातं
रोबिनाच्या मुलांसारखं,
फक्त ते वसंतात परत येतं.
(हे माझं नाही. तीच म्हणते,
आणि थर्मासचं झाकण गरजेपेक्षा घट्ट लावते.)

त्या मंगळवारी एकोणिसावी चौकट ठेवायला वाकलो
तर समोर एक सँडिलू कोसळली.
पंख खडीवर फरपटत, शेपूट पिंजारून,
अशी कळवळत की वाटावं, संपलं आता.
हे नाटक जन्मभर पाहिलेली रोबिनाही
दोन पावलं तिच्यामागे गेलीच.
मग हसली. “सोंगाडीण आहे. तिच्याकडे नको, खाली बघ.”

चार होती. खडीत खडी होऊन पडलेली, टोकं आत वळवून.
आणि त्यांना अगदी खेटून ते झाड,
तीन फुलं उघडी, एक कळी.

त्याला सोंग येत नाही.
मोडका पंख दाखवून मेंढीला भलतीकडे नेता येत नाही.
बी पडतं ते वीतभरावर,
वाऱ्यानं उचललंच तर समुद्रात.
येणाऱ्या बुटाकडे तोंड करून ते नुसतं फुललेलं असतं.
मी म्हटलं, केवढं हे धाडस.
रोबिना म्हणाली, छे, मुळं आहेत.

फुलं तर दिसली होती. पण मोजायची असतात रोपं,
नखाएवढीसुद्धा, नाक खडीला लावून, दहा-दहा मिनिटं.
तेवढ्यात अंडी गारठतात.
वहीतला नियम ठसठशीत: एकही चौकट वगळू नये.
मी थांबले.
असल्या पाखरांची काय कमी आहे, असं मनात आलं,
तोंडून निघालं नाही.
सँडिलू तिकडे दहा हातांवर पंख टाकून पडलेली,
एक डोळा आमच्यावर.

रोबिनानं चौकट उचलून काखेत घेतली.
एकोणीसपुढे पेन्सिलनं लिहिलं:
घरात निजलेत. दार वाजवलं नाही.

सप्टेंबरात ॲबर्डीनच्या कार्यालयातून पत्र आलं,
एकोणिसावा आकडा कुठे, म्हणून.
तोवर टेकाडावर कुणीच नव्हतं,
फुलं गळून गेलेली, कवचं वाऱ्यानं नेलेली.
उत्तर तिनं त्याच दिवशी लिहिलं.
पाकीट अजून तिच्या खिडकीत आहे,
बंद केलेलं,
तिकीट न लावलेलं.